बांधासमोरचा फोटो

बेलेन अर्चुलेटाने त्या वर्षी बारावीच्या पोरांचे फोटो काढायचे नाहीत असं ठरवलं होतं. नवऱ्याला, लालोला, तिने जुलैतच सांगून टाकलं होतं, "लग्नं घेईन, बाप्तिस्मे घेईन, कुणाच्या कुत्र्या-मांजरांचे म्हणशील तर तेही काढीन. बारावी मात्र नको." लालोने नुसती मान हलवली. कारण विचारण्यासारखं काही नव्हतंच. त्यांचा मुलगा एलियास असता, तर त्या सप्टेंबरात तोही बारावीत असता.

पण प्वेब्लोसारख्या गावात वीस वर्षं फोटो काढत आलेल्या बाईला असं ठरवून चालत नाही. त्यात त्या वर्षी सगळ्यांचीच घाई होती. नदीकाठचा सिमेंटचा बांध खचत चालला होता आणि पावसाळ्यातल्या पुरांचा विचार करून तो फोडून नव्याने बांधायचं ठरलं होतं. बांध गेला की त्यावरची चित्रंही जाणार. चाळीस वर्षांत गावातल्या पोरापोरींनी, रंगाऱ्यांनी, हौशी म्हाताऱ्यांनी कमरेला दोर बांधून, त्या उतरत्या भिंतीला लटकून ती काढली होती. बसएवढा लांब मासा, गिटार वाजवणारा सांगाडा, पोलादाच्या भट्टीसमोर उभा राहिलेला कामगार, ग्वादालुपेची माउली, आणि मधल्या जागांत ज्याला जे सुचेल ते. खालच्या पाऊलवाटेवर पोर उभं केलं की पाठीमागे रंगच रंग. प्वेब्लोत बारावीचा फोटो म्हणजे बांधावरचा फोटो. थोरल्या भावाचा तिथे, मामाचा तिथे, तर माझाही तिथेच. नोव्हेंबरात मशिनं लागणार म्हटल्यावर आयांचे फोनावर फोन सुरू झाले.

पहिली आली जोस्लिन. एलियासच्या शेजारी बसून शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायची. तिची आई फोनवर म्हणाली, "बेलेन, तुला जड जाणार, कळतं मला. पण ही दुसऱ्या कुणासमोर उभीच राहणार नाही म्हणते." बेलेन गेली. ट्रम्पेट घेऊन उभी राहिलेली ती पोरगी मधेच म्हणाली, "तो असता तर आम्ही दोघांनी..." बेलेन म्हणाली, "हनुवटी जरा खाली घे, बाळा." त्यानंतर आणखी अकरा जण आले. तिने स्वतःला एक सवय लावून घेतली. डोळ्याला कॅमेरा लावायचा आणि फक्त उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते, एवढंच बघायचं. पोराकडे पोर म्हणून बघायचं नाही. घरी आलं की पडदे ओढून तासभर आडवं व्हायचं.

असं चाललं होतं. सप्टेंबर मध्यावर आला होता, गावभर मिरच्या भाजल्याचा खमंग धूर पसरला होता, आणि एका दुपारी तिच्या गॅरेजमधल्या स्टुडिओच्या दारात काठी टेकत ओल्गा कोचेवार येऊन उभी राहिली.

ओल्गा एक्क्याऐंशी वर्षांची. दोघी एकाच चर्चमधल्या, पण गेल्या दीड वर्षात त्यांनी एकमेकींकडे बघितलंही नव्हतं. एलियासच्या अंत्यविधीच्या दिवशी ओल्गाने पोतित्सा, अक्रोडाचं सारण घालून गुंडाळलेला गोड पाव, करून आणली होती. लालोने ती दारातूनच परत केली होती, वरचं फडकंही न उचलता. कारण ज्या गाडीत एलियास गेला ती ओल्गाच्या नवऱ्याची जुनी पिकअप होती, आणि ती चालवत होता ओल्गाचा नातू ड्रू.

"बसू का? की उभ्या उभ्याच हाकलणार आहेस?" ओल्गा म्हणाली.

"बसा."

ती बसली. श्वास खाली बसेपर्यंत तिने भिंतीवरचे फोटो बघितले. मग एकदम म्हणाली, "ड्रूचा फोटो काढायचाय. शाळेच्या वार्षिकांकासाठी."

बेलेनने हातातली वायर गुंडाळायला घेतली. "गावात आणखी तिघं जण फोटो काढतात, मिसेस कोचेवार."

"तिघांकडे जाऊन आले. एकाकडे तर वेळही ठरवली होती. हा गधडा गेलाच नाही. म्हणतो, काढला तर मिसेस अर्चुलेटांनी काढायचा, नाहीतर माझी चौकट रिकामी राहू दे."

"मीच का?"

"मला काय विचारतेस? घरात तो दिवसाला चार शब्द बोलतो. त्यातले दोन कुत्र्याशी." ओल्गाने काठी गुडघ्यांमध्ये धरली. "बांधावर काढायचाय म्हणाला. त्या कावळ्याजवळ."

कावळा बेलेनला माहीत होता. नववीच्या सुट्टीत एलियास आणि ड्रू दोघांनी मिळून तो काढला होता. डोळ्यांवर गॉगल लावून सायकल चालवणारा कावळा. आठ दिवस दोघं रंगाने माखून घरी यायचे आणि तिच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच परातभर मक्याचे टमाले फस्त करायचे.

"मला नाही जमणार," ती म्हणाली.

"नको काढूस. विचारलं नाही असं नको व्हायला, म्हणून आले." ओल्गा उठली. दाराशी गेल्यावर वळून म्हणाली, "माझं काय, आज आहे उद्या नाही. त्याची आई कुठे आहे ते देवालाच ठाऊक. माझ्यामागे त्याच्याजवळ स्वतःचा एक बरा फोटो तरी असावा, एवढंच मनात होतं गं."

ओल्गा गेली. बेलेन दोन दिवस तेच बोलणं मनात घोळवत राहिली, पण तिला दया आली होती असं नाही. तिच्या मनात काही वेगळंच होतं.

आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीत, अपघाताच्या दिवशी, सहा वाजता तिला एका लग्नाचे फोटो काढायचे होते आणि एलियास दिवे धरायला येणार होता. पोरं दुपारीच ब्यूलाच्या डोंगराकडे बर्फ बघायला गेली होती. साडेपाचला येतो म्हणाला होता. पावणेसहाला पाच मिनिटं कमी असताना तिने फोन लावला. उचलला नाही. तीन मिनिटांनी पुन्हा लावला, आणि त्या वेळी ती चांगलीच चिडलेली होती. शेवटपर्यंत वाजू दिला. पोलिसांच्या कागदावर अपघाताची वेळ 'पावणेसहाच्या सुमारास' अशी होती. वळणावर बर्फ साचला होता, वेग थोडा जास्त होता, पिकअप घसरून झाडावर गेली. ड्रूचं गळ्याजवळचं हाड मोडलं. एलियास जागच्या जागी गेला. त्याच्या फोनचा चुरा झाला होता.

आपण दोन फोन केले होते हे बेलेनने कुणालाही सांगितलं नव्हतं. लालोला नाही, बहिणीला नाही, पाप-निवेदनाच्या खिडकीशी गुडघे टेकून पाद्रीबाबांनाही नाही. स्वतःच्या फोनमधली नोंद तिने त्याच आठवड्यात पुसून टाकली होती. मनातली कशी पुसणार? एकोणीस महिने ती एकच गोष्ट उलटीसुलटी करून बघत होती: वळणावर तो फोन वाजत होता का? एलियासने तो खिशातून काढला का? 'आई भडकली बघ' असं म्हणून ड्रूला दाखवला का, आणि ड्रूने रस्ता सोडून तिकडे बघितलं का? हे जाणणारा जगात एकच जण उरला होता.

तिसऱ्या दिवशी तिने ओल्गाला फोन केला. "शनिवारी सकाळी आठला पाठवा. पांढरा शर्ट नको म्हणावं, उन्हात डोळ्यांवर येतो."

लालोला तिने सांगितलं नाही. त्याची त्या शनिवारी पोलादाच्या गिरणीत सकाळची पाळी होती. ड्रूचं नाव तो घरात काढत नसे. काढायची वेळ आलीच तर 'तो ड्रायव्हर' म्हणायचा.

ड्रू सायकलवरून आला. पांढरा शर्ट घालूनच आला. आजोबांचा असावा, खांद्यांवर ढगळ होता आणि कॉलर जुन्या तऱ्हेची. बेलेनने त्याला शेवटचं बघितलं होतं ते न्यायालयात. तिथे तो तिच्याकडे वळला तेव्हा ती उठून बाहेर निघून गेली होती. त्यानंतर तो चांगला वीतभर वाढला होता. चेहरा मात्र पोराचाच राहिला होता.

"गुड मॉर्निंग, मिसेस अर्चुलेटा."

"सायकल तिकडे लाव. फोटोत येईल."

तो कावळ्याखाली जाऊन उभा राहिला, पण अगदी डावीकडे सरकून, जणू मधली जागा कुणीतरी धरून ठेवली होती. बेलेन म्हणाली, "मधे ये." तो पाऊलभर आला. "आणखी." आणखी पाऊलभर आला. नदीला पाणी कमी होतं, काठच्या कॉटनवूडची झाडं पिवळी पडायला लागली होती, आणि ऊन बांधाच्या वरच्या कडेवरून हळूहळू खाली उतरत होतं. तिने आठ-दहा फोटो काढले. एकातही तो कॅमेऱ्याकडे बघत नव्हता.

"तुझी आजी म्हणाली, दुसऱ्या कुणाकडे तू गेला नाहीस. का?"

त्याने खांदे उडवले. मग म्हणाला, "दुसऱ्यांनी मला हसायला सांगितलं असतं."

तिने पिशवी उघडून भिंग बदलायला घेतलं. बदलायची गरज नव्हती, पण हाताला काहीतरी हवं होतं. मान खाली ठेवूनच तिने विचारलं, "एक विचारते. खरं सांगशील?"

"हो."

"त्या संध्याकाळी गाडीत फोन वाजला होता का?"

"नाही."

तिचा प्रश्न अजून पुरता संपलाही नव्हता. तिने वर बघितलं. ड्रू पहिल्यांदाच तिच्या नजरेला नजर देऊन उभा होता, छाती ताठ करून, वर्गात पाठ केलेलं म्हणून दाखवणाऱ्या पोरासारखा.

"त्याचा फोन दप्तरात होता. दप्तर खाली, पायाशी. रेडिओ मोठा लावला होता आम्ही. वाजला असेल दोन्ही वेळा, पण ऐकूच आला नाही. बर्फ होता, मिसेस अर्चुलेटा. नुसता बर्फ होता, आणि मला तो दिसला नाही. चूक माझी होती. दुसऱ्या कुणाचीच नव्हती."

दोन्ही वेळा.

बेलेन भिंग हातात धरून तशीच उभी राहिली. दोनदा फोन केल्याचं तिने त्याला सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. ते कुठल्या कागदावर नव्हतं, कुठल्या साक्षीत नव्हतं. दोनदा वाजलेला फोन फक्त त्यालाच माहीत असणार ज्याने तो दोनदा ऐकला.

म्हणजे वाजला होता. बाहेर होता, हातात होता. आणि हा सोळा वर्षांचा पोरगा, पोलिसांनी विचारलं तेव्हा, न्यायाधीशाने विचारलं तेव्हा, आजीने विचारलं तेव्हा, 'मला बर्फ दिसला नाही' एवढंच म्हणत राहिला होता. गावाने त्याला नावं ठेवली, लालोने चर्चच्या पायऱ्यांवर चारचौघांत त्याच्यावर थुंकायचं तेवढं बाकी ठेवलं, आणि याने तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

"बरं," ती म्हणाली.

मग ती बांधाच्या उतारावरच बसली. "ऊन लागलं जरा," ती म्हणाली. सकाळचे साडेआठ वाजले होते, ऊन अजून तिच्यापर्यंत आलंही नव्हतं. ड्रूने सायकलची पाण्याची बाटली आणून दिली आणि दोन हात अंतरावर उकिडवा बसला. वरून कावळा गॉगलमधून नदीकडे बघत होता.

"चोच त्याने काढली," ड्रू म्हणाला. "मी खालून ओरडत होतो, वाकडी होतेय, वाकडी होतेय. तर वरून म्हणाला, 'कावळ्याला काय आरसा बघायचाय?'"

बेलेनला हसू फुटलं. अगदी एलियासचंच बोलणं होतं ते, त्याचाच आवाज. ते हसू थांबता थांबेना, आणि मग त्याचं दुसरंच काहीतरी झालं. तिने गळ्याशी बांधलेल्या रुमालात तोंड खुपसलं. ड्रू तिथेच बसून राहिला. त्याने हात पुढे केला नाही, सॉरी म्हटलं नाही, उठूनही गेला नाही.

मग तिने डोळे पुसले. "चल. ऊन चढेल आता."

तो पुन्हा कावळ्याखाली उभा राहिला. कॅमेरा डोळ्याला लावता लावता तिला दिसलं की कॉलरचं एक टोक आत दुमडलंय. एरवी ती लांबूनच सांगत असे. या वेळी ती जवळ गेली, दोन बोटांनी कॉलर बाहेर काढली, खांद्यावरची सुरकुती हाताने सपाट केली. त्या शर्टाखाली मोडून जुळलेलं हाड तिच्या बोटांना लागलं. ड्रूने डोळे घट्ट मिटून घेतले. ती मागे आली आणि त्याने डोळे उघडेपर्यंत थांबली. मग एकच फोटो काढला.

मला कळलंय, असं तिने त्याला सांगितलं नाही. त्याने इतके दिवस जे जपलं होतं ते त्याच्याजवळच राहू दिलं. त्याला वाटू दे की तिने विश्वास ठेवला.

रविवारी दुपारी ती स्टुडिओत बसून फोटो निवडत होती. लालो कधी मागे येऊन उभा राहिला ते तिला कळलंच नाही.

"हा इथे काय करतोय?"

तिने संगणकाचा पडदा बंद केला नाही.

"बेलेन, मी विचारतोय. तो ड्रायव्हर माझ्या घरात काय करतोय?"

"फोटो आहे, लालो. त्याच्या आजीने..."

"त्याची आजी गेली खड्ड्यात! माझं पोरगं मातीत आहे, आणि तू ह्याला नटवून त्या बांधासमोर उभा करतेस? ते चित्र कुणाचं आहे ठाऊक आहे ना तुला?"

"मी फोन केला होता," बेलेन म्हणाली.

"कुणाला?"

"एलियासला. त्या दिवशी. लग्नाला उशीर होत होता म्हणून. दोनदा केला. ते वळणावर होते तेव्हा."

लालोने तिच्या खुर्चीच्या पाठीला हात टेकला.

"मी ड्रूला विचारलं, गाडीत फोन वाजला का. तो म्हणाला, नाही. म्हणाला, दोन्ही वेळा ऐकू आला नाही. मी त्याला दोनदा असं म्हटलंच नव्हतं, लालो. त्याला कसं कळलं?" "खोटं बोलतोय तो. माझ्यासाठी. पहिल्या दिवसापासून."

लालो खाली बसला, ज्या स्टुलावर बसवून ती लहान पोरांचे फोटो काढायची त्या ठेंगण्या स्टुलावर. पोलादाच्या गिरणीत तीस वर्षं काढलेला अंगापिंडाने दणकट माणूस, त्याचे गुडघे छातीपर्यंत आले.

"मला का सांगितलंस?"

"एकटीला झेपेना आता."

"एकोणीस महिने," तो म्हणाला, "सकाळी डोळे उघडले की मी आधी त्या पोराला शिव्या देतो. शिव्या देत बूट घालतो, शिव्या देत कामाला जातो. त्या शिव्यांवर दिवस निघतो माझा. आता मी कुणावर चिडू, बेलेन? तुझ्यावर?"

"चीड."

"तुझ्यावर कसा चिडू?" तो जवळजवळ ओरडलाच. "तू आई आहेस. उशीर झाला तर आई फोन करणारच की!"

तो उठून अंगणात गेला. तिथे आदल्या दिवशी आणलेली मिरचीची गोणी होती. त्याने मिरच्या भाजायचं जाळीचं पिंप पेटवलं, गोणी त्यात रिकामी केली आणि दांडा फिरवत राहिला. मिरची तडतडली, तिची सालं सुटली, खाली काढायची वेळ झाली, तरी तो फिरवतच राहिला. शेवटी काळा धूर शेजाऱ्यांच्या खिडक्यांत शिरला आणि त्यांनी आरडाओरडा केला. गोणीभर मिरचीचा कोळसा झाला.

त्या दिवसापासून लालो एलियासच्या खोलीत झोपायला लागला. भांडण नव्हतं. मीठ दे, किल्ली कुठे आहे, पाळी बदललीय, एवढं बोलणं होत होतं. रागाचं ओझं उतरलं की माणूस हलका होतो असं म्हणतात. लालो तसा झाला नाही. राग होता तोवर तो ताठ होता. राग गेल्यावर एकदम म्हातारा दिसायला लागला. कधी कधी भिंतीपलीकडून त्याचं रडणं ऐकू यायचं. आधी तो कधी रडला नव्हता. बेलेन दारापर्यंत जायची, कडीवर हात ठेवायची आणि परत फिरायची. ह्याला हे मीच दिलं, आता आत जाऊन काय सांगू, असं तिला वाटायचं.

नोव्हेंबरात बांधावर मशिनं लागली. गावातले बरेच जण रंगीत सिमेंटचे तुकडे वेचून घरी नेत होते. बेलेन एकदाच गेली. कावळ्याचा भाग फोडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. तिने तुकडा उचलला नाही.

फोटो तिने ओल्गाकडे पोचता केला होता. ओल्गाने फोन करून सांगितलं, "हसत नाही मेला, पण डोळे उघडे आहेत. तेवढं पुरे." वार्षिकांक मे महिन्यात यायचा होता. ओल्गाला तो बघायला मिळाला नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, पोतित्साचं पीठ लाटता लाटता ती स्वयंपाकघरात पडली आणि दोन दिवसांनी गेली. ड्रू शाळेतून आला तेव्हा ती जमिनीवर होती, आणि कुत्रा शेजारी बसला होता.

अंत्यविधीला चर्चमध्ये जेमतेम तीस माणसं आली. बेलेन जाणार होतीच. लालो येईल असं तिला वाटलं नव्हतं, पण निघताना तो काळा कोट घालून गाडीत येऊन बसलेला होता. तो कोट त्याने एलियासच्या वेळी घातला होता.

प्रार्थना संपली. शवपेटी बाहेर न्यायची वेळ आली. सहा जण लागतात. ड्रू होता, ओल्गाचे दोन म्हातारे भाचे होते, शेजारी होता, अंत्यविधीवाल्यांचा एक माणूस होता. पेटीची सहावी कडी रिकामी राहिली. पाद्रीबाबा बाकांवरून नजर फिरवत होते. जो तो मान खाली घालून हातातल्या प्रार्थनेच्या पुस्तकात बघायला लागला. गाव लहान, ओल्गाचं कुणाला वावडं नव्हतं, पण त्या पोराच्या शेजारी उभं राहायला कुणी पुढे होत नव्हतं.

लालो उठला. बाकातून बाहेर पडताना त्याचा बूट अडखळला. तो गेला आणि त्याने ड्रूच्या समोरची कडी धरली. दोघांच्या मध्ये ओल्गा. ड्रूने वर बघितलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. लालो त्याच्याकडे न बघता म्हणाला, "उचल. पायऱ्यांवर सांभाळून."

दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात जेवण होतं. बेलेन वाढायला उभी होती. तिथून तिला दिसलं की लालो ताटली घेऊन ड्रू बसला होता त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलाय. बराच वेळ दोघंही जेवत राहिले. मग लालो म्हणाला, "आता काय करणार आहेस?"

"वायोमिंगमध्ये मावसमामा आहे, सर. गुरांच्या वाड्यावर. शाळा संपली की तिकडे जाईन."

"कसा जाणार?"

"बसने."

"गाडी?"

"मी गाडी चालवत नाही, सर. त्यानंतर नाही."

लालोने पाव तोडला, पण तोंडात घातला नाही. "शिक परत," तो म्हणाला. "तिकडे मैलोन् मैल माणूस नसतं. चालवावीच लागेल. सावकाश चालव, पण चालव."

"हो, सर."

एवढंच बोलणं झालं. त्यानंतर ते दोघं पुन्हा कधी भेटले नाहीत. जूनमध्ये ड्रू कुत्र्यासकट निघून गेला. ओल्गाच्या घरावर विक्रीची पाटी लागली.

ओल्गाच्या अंत्यविधीच्या दिवशी चर्चमधून परतताना लालोने अर्ध्या रस्त्यात गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"तू चालव," तो म्हणाला. "मला रस्ता दिसत नाहीये."

ती उतरली, पुढून वळसा घालून त्याच्या बाजूला आली. तो आतल्या आत सरकून तिच्या जागेवर गेला. तिने आरसा आपल्या उंचीला लावून घेतला आणि गाडी सुरू केली. घरी पोचेपर्यंत लालो खिडकीकडे तोंड करून रडत होता, आणि बेलेन या वेळी परत फिरली नव्हती, त्याच्या शेजारीच होती.